मोटारीचं दावं

मोटारीला बैल समजणारा माणूस अख्ख्या मावळात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बायको आता माझी राहिलेली नाही. मामा मात्र अजून आहेत.

वैशालीने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून पांढरी मोटार घेतली, तेव्हा वराळ्यात मामांनी नुकतीच बैलजोडी विकली होती. रिकामा गोठा त्यांना बघवेना. त्यांनी भाचीची मोटार गोठ्यात बांधली, म्हणजे उभी केली, आणि तेव्हापासून तिला बैलासारखंच वागवत आले. टायर बघायचा तर खूर बघावा तसा, वाकून, तळवा फिरवून. बॉनेट उघडून आत असे डोकावत की आता दात मोजून वय सांगणार. लग्नानंतर मोटार आमच्याबरोबर लोणावळ्याला आली, तरी दर पोळ्याला ती वराळ्याला न्यावीच लागे. मामा तिला न्हाऊ घालत, दोन्ही आरशांना शिंगं समजून बेगड चिकटवत आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवून हात जोडत. एका वर्षी पुरण फटीतून आत गेलं, आणि पुढे बरेच दिवस गाडी तापली की आमच्या अंगणात सणाचा वास सुटायचा. मी तक्रार केली तर म्हणाले, "मग बरं झालं की. तिनं खाल्लं म्हनायचं."

एवढं असून मामांना स्वतःला मोटार चालवता येत नाही. "जनावराच्या पोटात बसून त्याला हाकायचं, हे मला पटत न्हाई." उतारावर मात्र ते शेजारी बसून 'हो ऽ हो' करतात आणि ब्रेक लागला की श्रेय घेतात.

त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "वैशूची गाडी बरी हाय ना?" मला तो टोचायचा. लोणावळ्यात ती माझी गाडी होती. माझ्या रंगाच्या दुकानापुढे ती उभी असे, किल्ली माझ्या खिशात असे, आणि वैशाली बसने कामाला जात असे. त्यात खटकण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

मागच्या वर्षी वैशाली माहेरी, मामांकडे वराळ्याला, गेली ती परत आली नाही. घटस्फोटाच्या बोलण्यात बाकी सगळं सुटत गेलं, अडलं ते मोटारीपाशी. कागदावर नाव तिचं, हे मला ठाऊक होतं. पण क्लच मी बदलला होता, टायर मी घातले होते. मी हट्टाला पेटलो. तेव्हा तिने वकिलाऐवजी मामांना पाठवलं.

मामा आले ते आधी मोटारीकडे गेले. तिच्या पाठीवर थाप मारली, एक फेरी घातली आणि मग माझ्याकडे चहाला बसले.

"मामा, इतकी वर्षं हिला मी पोसलं," मी म्हणालो.

"व्हय, पोसलं. राबवली बी तुमीच." त्यांनी बशीतला चहा संपवला. "जावईबापू, वैरण घातली म्हनून बैल आपला व्हत न्हाई. तसं असतं तर आमच्या गावचा गुराखी कवाच पाटील झाला असता."

मला हसू आलं, आणि हसल्यावर भांडता येईना. "घेऊन जा मग," मी म्हणालो.

"कसं नेऊ? मला कुटं येती चालवायला?"

तेव्हा माझी हरलेली मोटार मीच हाकत वराळ्याला निघालो. कामशेतच्या उतारावर मामा 'हो ऽ हो' करत होते.

वैशाली दारात उभी होती. मी किल्ली दिली. ती आत बसली आणि आधी सीट पुढे ओढली. मी ती इतकी मागे नेऊन ठेवली होती की तिचे पाय पोचत नव्हते.

मग मामांनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली. किल्ली अडकवायचं कडं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि नुसती किल्ली तिला परत दिली. "जनावर धन्याच्या घरी गेलं तरी दावं राखणाऱ्याकडं ऱ्हातं. रीत हाय आमच्यात."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. मामांनाही ती तेव्हाच सुचली असावी. ते कडं अजून माझ्या खिशात असतं, किल्लीवाचून.

या पोळ्याला त्यांचा फोन आला. "वैशूची गाडी बरी हाय," त्यांनी आपणहून सांगितलं.

मला दुसरं काही विचारायचं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "सीट?"

"पुढंच हाय," मामा म्हणाले. "आता पोचत्यात तिचं पाय."