डिक्कीतली बाटली

माझी डावी किडनी माझ्या धाकट्या भावाच्या पोटात आहे. हे मी कुणाला सहसा सांगत नाही. सांगितलं की समोरच्याचे डोळे भरून येतात, आणि मग त्या कौतुकाचं काय करावं हे मला कळत नाही. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, माझी जुळली, मी दिली. भीती ऑपरेशनच्या दिवशी वाटली तेवढी वाटली. खरी भीती काय असते ते मला त्यानंतर कळलं.

ऑपरेशन छान झालं. भाऊ सक्करदऱ्याच्या घरी परतला, पुढे त्याच्या विमा कंपनीच्या ऑफिसातही जायला लागला. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घ्यायच्या, म्हणजे शरीर परक्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठत नाही. गोळ्यांचं सगळं माझी भावजय बघायची. मी दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेत शिकवते. येता-जाता डोकावून जायची.

सगळं ठीक होतं, फक्त भाऊ ठीक नव्हता. आमचं गाव भिवापूरकडचं. मिरचीच्या दिवसांत हा दरवर्षी चुलतभावाच्या शेतात जायचा आणि शिंकत-शिंकत पोतं घेऊन यायचा. त्या वर्षी पोतं बसनं आलं आणि व्हरांड्यात तसंच पडून राहिलं. एकदा भावजय मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हे बोलतच नाहीत. टीव्ही लावतात अन् भिंतीकडे पाहून राहतात."

मी त्याला विचारलं. "काही नाही ताई, थकवा आहे," एवढंच तो म्हणाला.

मग हळूहळू तो सुधारला. आपणहून जेवायला मागू लागला. आंघोळ करताना गुणगुणायला लागला. एका रविवारी त्यानं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करायला लावला आणि माझ्या नवऱ्याची तिखटावरून इतकी थट्टा केली की भावजय पदराआड रडली. आनंदानं रडली. आमच्या घरात कित्येक दिवसांनी मोठ्यानं हसणं झालं होतं.

त्याच आठवड्यात नेहमीची रक्ततपासणी झाली आणि दवाखान्यातून फोन आला: बॅग भरून लगेच या.

मी शाळेतून सुट्टी घेऊन पोचले तेव्हा तो पलंगावर मांडी घालून बसला होता. स्वतः स्कूटर चालवत, बायकोला मागे बसवून आला होता. ना सूज, ना ताप, ना दुखणं. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. आत काहीतरी कोसळत होतं आणि बाहेर माणूस केस विंचरून बसला होता.

किडनीच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. "रक्तात औषध उतरलेलंच दिसत नाही. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. गोळ्या चुकवता का?"

"नाही मॅडम," भावजय रडायलाच लागली. "मी हातावर देते. गिळेपर्यंत समोर उभी राहते."

"मग आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, ताकदीची पावडर?"

"नाही," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांचा प्रश्न पुरता संपायच्या आत तो 'नाही' म्हणाला होता. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले आहे. असं 'नाही' मला ओळखू येतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सलाइनच्या स्टँडकडे पाहत होता.

किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल, असं सांगून डॉक्टर गेल्या. भावजय कागदांवर सह्या करायला काउंटरवर गेली. मी पलंगाशी खुर्ची ओढली.

"काय घेऊन राहिला तू?"

"काही नाही ताई."

"माझ्याकडे पाहून सांग."

त्यानं पाहिलं नाही. उशाखालून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "डिक्कीत आहे. तिले नको सांगू."

मी खाली गेले. भर दुपार होती, स्टँडवरच्या गाड्या तव्यासारख्या तापलेल्या. मी डिक्की उघडली. गाडी पुसायच्या फडक्याखाली कॅप्सूलची प्लॅस्टिकची बाटली होती, वर पिवळ्या फुलाचं चित्र. सेंट जॉन्स वर्ट. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, मन प्रसन्न ठेवणारी, संपूर्ण नैसर्गिक वनस्पती. बाटली अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

ती घेऊन मी लिफ्टची वाट न पाहता जिना चढले. डॉक्टर बाईंनी नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"ही वनस्पती उदासीवर घेतात," त्या म्हणाल्या. "पण ती घेतली की लिव्हर बाकीची औषधं फार लवकर मोडून टाकतं. तुमच्या भावानं गोळ्या रोज घेतल्या, पण त्या घेतल्या न घेतल्या सारख्याच झाल्या."

"मग आता किडनी..."

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

रिपोर्ट यायला वेळ होता. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले. हात सारखा माझ्या कमरेवरच्या वणाकडे जायचा. भाऊ आजारी पडला तेव्हा माझ्याजवळ देण्यासारखं काहीतरी होतं. आता नव्हतं. एकच उरली होती, आणि ती मलाच लागणार होती. ही गेली तर पुन्हा डायलिसिस, पुन्हा ती मातकट कांती, ते सुया टोचून टोचून हाताच्या शिरांचे फुगे. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर नावच आठवेना.

रिपोर्ट आला. शरीरानं किडनीवर हल्ला सुरू केला होता. पण सुरुवातच होती. कॅप्सूल बंद, गोळ्यांचा डोस वाढवायचा आणि लगोलग जोरदार इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाल्या, कॅप्सूलचा असर शरीरातून उतरत जाईल तसं गोळ्यांचं प्रमाण उलट जास्तही होऊ शकतं, म्हणून पुन्हापुन्हा रक्त तपासावं लागेल. म्हणजे इकडेही दरी आणि तिकडेही.

इंजेक्शन चालू असताना मी त्याच्याजवळ बसले. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "काहून रे?"

तो म्हणाला, "तू रागावू नको. फोनवर वाचलं मी. झाडपाल्याचं आहे, सवय लागत नाही, असं लिहिलं होतं. मी तर तुझ्या किडनीसाठीच घेतलं ताई. आधीच मूठभर गोळ्या. त्यात अजून डोक्याची इंग्रजी गोळी घेतली अन् किडनी खराब झाली तर? म्हटलं, वनस्पती आहे, हिचा काही त्रास नाही होणार."

"अन् मले सांगायचं होतं ना."

"काय सांगू?" तो एकदम माझ्याकडे वळला. "तू पोट फाडून किडनी दिली. अन् मी तुले येऊन सांगू, की मले जगावंसंच वाटत नाही म्हणून? लोक म्हणतात, नशीबवान आहेस गा, बहिणीनं जीवदान दिलं. मी रोज सकाळी उठून विचार करतो, कशाले दिलं."

मी त्याचा हात धरला. हात गार होता, की माझाच गार होता, कळलं नाही. किडनीची भीती एका बाजूला राहिली आणि हे जे त्याच्या तोंडून बाहेर पडलं त्याची भीती समोर येऊन बसली.

"त्या कॅप्सूलनं बरं वाटून राहिलं होतं ताई," तो म्हणाला. "खरंच."

ते मला माहीत होतं. तो रस्सा, ते गुणगुणणं, ते हसणं. आम्ही सगळे आनंदात असताना त्याच्या आत माझी किडनी मरायला लागली होती.

मी डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं तेव्हा भाऊ बिथरला. "मले पागलखान्यात धाडता काय?" एवढं मोठ्यानं म्हणाला की शेजारच्या पलंगावरच्या माणसानं मान वळवली. आलेले डॉक्टर वयस्क होते. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं. सांगत मात्र फार थोडे." दोघा डॉक्टरांनी मिळून किडनीच्या औषधांशी जुळणारी गोळी ठरवली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले.

ते आठवडे मी विसरू शकत नाही. कॅप्सूल सुटली होती, गोळी अजून लागू पडली नव्हती. भावजयीला आता सगळं सांगितलं होतं. आम्ही दोघी आळीपाळीनं त्याच्याजवळ असायचो. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली ती मंगळसूत्रात अडकवून फिरायची. तो संडासात जरा जास्त वेळ राहिला की मी दाराबाहेरून उगाच विचारायची, "चहा ठेवू का रे?" त्याला कळायचं. "ठेव," तो आतून म्हणायचा.

किडनी वाचली. क्रिएटिनिन पहिल्या आकड्यावर मात्र पुन्हा आलं नाही, थोडं वरच थांबलं. मनही सावरलं, पण एका सरळ रेषेत नाही. आता तो फोन करतो, "ताई, आज बरं नाही वाटून राहिलं," आणि मी चपला घालून निघते.

मागच्या हिवाळ्यात रामटेकला नात्यातलं लग्न होतं. तिथं एक मावशी त्याच्याजवळ आली आणि चूर्णाची पुडी हातात कोंबून म्हणाली, "कसा सुकलास रे! साधी अश्वगंधा आहे, दुधात घे. झाडपाल्यानं काही होत नसते." त्यानं हसून पुडी खिशात टाकली. मी समोरच बसले होते. पुढचं जेवण मला गेलं नाही.

परतताना गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता. विचारावं तर विश्वास नाही असं होईल, न विचारावं तर जीव राहत नव्हता. कन्हान नदीचा पूल आला तेव्हा त्यानं खिशातून पुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तू ठेव. माझ्याजवळ नको."

"डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं.

"विचार. पण ठेव तूच. उद्या कसं वाटेल सांगता येत नाही. मले माझीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नको. तीही नको. तिनंही शरीर पुन्हा किडनीवर उठू शकतं." मी पुडी फोडून नळाखाली धरली आणि सगळं चूर्ण वाहून जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.