मोहावरची तार

नव्या यंत्राला एक वास असतो. कोऱ्या पुठ्ठ्याचा, थर्माकोलच्या चुऱ्याचा आणि अजून एकदाही न तापलेल्या तारांचा. आज सकाळपासून आमच्या चंद्रपूरच्या घरात तो वास पाहुण्यासारखा ऐसपैस बसला आहे. नातवाने नवे स्पीकर आणले. आधीचे काही बिघडले नव्हते. मागच्या दिवाळीला ते याच थाटात आले होते आणि त्यांच्या आधीचे माळ्यावर चादर पांघरून पडले आहेत. "आजी, डोळे मीट आणि ऐक. फरक कळतो ना?" मी डोळे मिटले, ऐकलं आणि गंभीरपणे मान डोलावली. फरक मला शेंगदाण्याएवढाही कळला नाही. सुनेने माझ्याकडे आशेने पाहिलं, की आता तरी म्हातारी पोराला चार शब्द सुनावील. मी कशाला सुनावते? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. या वाटेवरून मी इतकी वर्षं आधी चालून गेले आहे, की तिथलं गवतसुद्धा मला ओळखत असेल.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि चांद्यातली मी एक मुलगी, जिला आपल्या कानाचा फार गर्व होता. दुसऱ्या मुलींना आपल्या केसांचा असे, कुणाला रंगाचा. माझ्याकडे ते दोन्ही बेताचं, म्हणून मी कान निवडला. ग्रामोफोनची सुई किती झिजली आहे ते मी म्हणे आवाजावरून ओळखत असे. ओळखत काय असेन कपाळ! पण घरात सगळे मला विचारत आणि मी सांगत असे. असं हे कानाचं माणिक जंगल खात्यातल्या एका सालस माणसाला दिलं गेलं. तो सिंदेवाहीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला. त्याला बैलाच्या गळ्यातल्या घाटीपलीकडे संगीताची जरुरी नव्हती. त्याची नेमणूक भामरागडच्या अलीकडच्या एका गावात. सागाच्या ओंडक्यांचा डेपो, दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, भोवती माडिया लोकांची वीस-पंचवीस घरं, आणि मग सगळं जंगल. आषाढात नदी चढली की रस्ता बुडायचा, तो दसऱ्यापर्यंत वर यायचा नाही.

अशा ठिकाणी मी बैलगाडीतून, तणसाच्या गादीवर बसवून, कर्ण्याचा ग्रामोफोन नेला. गाडीवान म्हणाला, "बाई, लेकरू मांडीवर घ्याव तं तुमी डबा मांडीवर घेतला." लेकरू तेव्हा नव्हतं, असतं तरी मी काय केलं असतं याची आज मला खात्री नाही. वर्षभरात तो कर्णा मला गावंढळ वाटू लागला. चांद्याच्या दुकानदाराला मी जुना परत केला आणि पेटीसारखा मिटणारा ग्रामोफोन आणला. त्याचा आवाज "अधिक मोकळा" होता. पुढच्या साली तोही कोंदट वाटू लागला, म्हणून विटेएवढ्या बॅटरीवर चालणारा रेडिओ आला. मग त्याहून जास्त व्हॉल्व्हचा रेडिओ. दर दसऱ्याला रस्ता उघडला की लोक मीठ, कापड, औषधं आणायला चांद्याला जात. मी आवाज बदलून आणायला जात असे. नवरा एकदाच बोलला. "गाणं तं तेच हाय ना? मंग डबा काऊन बदलवतं?" मी त्याच्याकडे दयेने पाहिलं होतं. ते पाहणं आठवलं की आजही मला माझ्याच गालात एक ठेवून द्यावीशी वाटते.

रेडिओचा जीव एरियलमध्ये असतो. जितकी उंच तार, तितका दूरचा आवाज. क्वार्टरच्या कौलावर एक बांबू आणि दुसरं टोक मागच्या अंगणापलीकडच्या एका जुन्या झाडाच्या शेंड्याला, मध्ये चिनीमातीचे गट्टू अडकवलेली तांब्याची तार. दर नव्या रेडिओबरोबर तार हातभर वर चढे. जमिनीत ठोकलेली दुसऱ्या तारेची, अर्थिंगची सळई ओली राहावी म्हणून मी तिला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत असे. तुळशीला एखादे दिवशी विसरले असेन, सळईला नाही. इतकं केल्यावर नागपूर लागे, आणि हवा चांगली असली तर समुद्रापलीकडचं एक केंद्रही लागे. संध्याकाळी पडवीत गावातल्या बायाबापड्या येऊन बसत. त्यांना गाण्याचे शब्द कळत नसत, मला त्यांचे. पण बसणं दोन्हीकडे कळे.

त्यात एक शेजारीण होती. मध्यम वयाची, काटक, कपाळावर गोंदणाच्या रेघा. पहिल्या पावसाळ्यात मला हिवतापाने झोडपलं, नवरा नदीच्या पलीकडे अडकलेला, तेव्हा आठ दिवस ही बाई भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन येत होती आणि माझं डोकं मांडीवर घेऊन ती मला पाजत होती. तेव्हा तिचं एकही वाक्य मला कळत नव्हतं. पुढे तिने माझ्याशी बोलण्याइतकी झाडीबोली गोळा केली आणि मी तिच्या भाषेतले हसण्यापुरते शब्द. दर फाल्गुनात ती आमच्या अंगणामागे त्या जुन्या झाडाखालची जमीन झाडून, पाचोळा जाळून, शेणसड्याच्या अंगणासारखी स्वच्छ करी. मला वाटे, तिला झाडलोटीची हौस आहे. पुढे चैत्रात ती पहाटे तिथे काय वेचते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कारण संध्याकाळभर रेडिओशी झटून मी सकाळी उन्हं अंगणात येईपर्यंत झोपत असे.

त्या साली माघ संपता संपता वारा सुटला आणि माझ्या नव्याकोऱ्या रेडिओत खरखर सुरू झाली. तार झाडाच्या फांद्यांना घासत होती. नवरा दौऱ्यावर. मी डेपोतल्या म्हाताऱ्या कुऱ्हाडवाल्याला बोलावलं. गावातलाच माडिया माणूस, कमी बोलणारा, केसांत कंगवा खोवलेला.

"या वरच्या फांद्या उतरव," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं. "बाई, हे मोहाचं झाड हाय."

"नाव नाही विचारलं मी. तारेला लागतात तेवढ्या काढ."

"मोहाले आता बाई..."

"आता म्हणजे आत्ताच. दुपारची गाणी लागायच्या आत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कुऱ्हाडीकडे. साहेबाच्या बायकोपुढे या गावात कुणी दुसऱ्यांदा बोलत नसे, हे मला माहीत होतं आणि, देव मला क्षमा करो, आवडतही होतं. शेवटी तो म्हणाला, "तुमी आत जाऊन बसा, डब्यापाशी. म्या आवाज देतो."

मी आत जाऊन रेडिओच्या कापडाला कान लावून बसले. बाहेर ठक्, ठक्. "आता कसं, बाई?" "अजून खरखरतंय!" पुन्हा ठक्, ठक्, ठक्. "आता?" "कमी झालं! अजून एक!" असं बराच वेळ चाललं. मग एक मोठा घाव आणि त्यापाठोपाठ असा काही निर्मळ स्वर माझ्या कानात उतरला, की मी टाळीच वाजवली. "झालं, झालं! आता झकास!" बासरीवाल्याचा श्वास ऐकू येतोय, तबल्याची शाई वेगळी कळतेय, असं मी स्वतःलाच समजावून सांगितलं. म्हातारा कुऱ्हाड खांद्यावर टाकून कधी गेला ते मी पाहिलं नाही. झाडाकडेही पाहिलं नाही.

दिवस मावळताना नवरा आला. पाय धुवायच्या आधी मी त्याला रेडिओपुढे बसवलं. "डोळे मिटा. फरक कळतो?"

"चांगलं हाय," तो म्हणाला.

"नुसतं चांगलं? अहो, मागच्या झाडाच्या फांद्या तोडवल्या मी."

त्याने डोळे उघडले. "कोन्या झाडाच्या?"

"त्या तारेच्या."

"मोहाच्या?" तो उठून उभाच राहिला. "अवं, तो मोहा तिचा हाय! शेजारनीचा!"

"तिचा कसा? जंगल सरकारचं ना?"

"जंगल सरकारचं. मोहा तिचा. तिच्या मायनं तिले देल्ला. दोन होते, एक मागच्या साली वादळात पडला. आता हा एकच हाय. अन् तू कळ्या धरल्यावर त्याच्या फांद्या तोडल्या?"

मग, माझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षी, मला कळलं की इथे घरागणिक मोहाची झाडं वाटलेली असतात. कुणाची कोणती, ते कागदावर कुठेच नाही आणि चुकत मात्र कुणीच नाही. चैत्रात पहाटे त्यांची फुलं जमिनीवर पडतात. ती वेचायची, वाळवायची. तीच पावसाळ्यात, रस्ता बुडाल्यावर, पोराबाळांच्या पोटात जातात. तीच आठवडी बाजारात देऊन मीठ येतं, लुगडं येतं. ज्या तुंब्यातली आंबील पिऊन मी उठून बसले, तिच्यात काय काय शिजवलेलं होतं, हे मी विचारलं तरी होतं का? नवरा अंगणात गेला, पण झाडाखाली अंधार दाटला होता, वर काही दिसेना. खाली फांद्याही नव्हत्या. "सरपनाले नेल्या असन," तो म्हणाला आणि जेवायला बसला नाही. मी रेडिओ बंद केला. रात्र कशी गेली ते सांगत नाही. वाचणाऱ्याने अशी एखादी आपली रात्र आठवावी.

सकाळी उजाडताच मी गेले. ती तिथेच होती, खराटा घेऊन. पाचोळ्याचा एक ढीग धुमसत होता. मी मनात जुळवलेलं सगळं बोलणं पायरीवरच सांडलं. कसंबसं म्हणाले, "बाई, मी तुझा मोहा तोडवला. रेडिओसाठी."

तिने खराटा थांबवला आणि मान वर केली. ती बराच वेळ वर बघत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मात्र तिच्या पायांकडे बघत होते. वर पाहायची माझी हिंमत नव्हती.

"कोनती फांदी?" तिने विचारलं.

"वरच्या. काल. त्या म्हाताऱ्याने."

ती घराकडे तोंड करून तिच्या भाषेत काहीतरी मोठ्याने ओरडली. म्हातारा तिचा चुलतभाऊच निघाला. तंबाखू मळत आला. तिने विचारलं, त्याने उत्तर दिलं. आणि ती बाई, ती माझी आठ दिवस सेवा केलेली गंभीर बाई, पदर तोंडाला लावून मटकन विझल्या राखेतच बसली. खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं रडते आहे. मी तिच्याजवळ वाकले, तर ती हसत होती.

म्हाताऱ्याने मला हाताने बोलावलं. झाडापलीकडे ऐनाचं एक वाळकं खोड आडवं पडलं होतं, त्यावर ताज्या घावांची दाटी. "मोहाले कुऱ्हाड लावाची नाई, बाई," तो म्हणाला. "तुमी तं ऐकूनच नाई राह्यल्या. मंग म्या याले ठोकलं. तुमी म्हणल्या, अजून. म्या अजून ठोकलं. तुमी म्हणल्या, झकास. म्या घरी गेलो."

"लय हुशार डबा हाय वं तुहा," ती डोळे पुसत म्हणाली. "वाळलं खोड ठोकलं का सुदरते!"

कुंपणाशी नवरा येऊन उभा होता. "मीबी कालच म्हणलो, चांगलं हाय," तो म्हणाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

तेव्हा कुठे मी वर पाहिलं. पानं झडून उघडा झालेला मोहा, आणि त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तपकिरी, लवभरल्या कळ्यांचे झुबके. एकही टोक मोकळं नव्हतं. मी त्या हसणाऱ्या बाईच्या शेजारी, इस्तरीच्या लुगड्यासकट, राखेत बसले. इतकी फजिती झाल्यावर माणसाला इतकं हलकं वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझा कान खोटा निघाला होता, माझा गर्व खोडावर कुटला गेला होता, आणि मी देवाचे आभार मानत होते. कान खरा निघाला असता तर?

तार काढून टाकते म्हणाले, तर ती म्हणाली, "राहू दे, पाखरं बसतात." चैत्रात तिने मला पहाटे उठवून नेलं. फिकट पिवळी, गुबगुबीत, रसाने जड झालेली फुलं एकेक करून खाली येत होती. मी तिच्या टोपलीत वेचून टाकत होते आणि ती माझ्या वेगाला नावं ठेवत होती. श्रावणात बॅटरी संपली. पूर्वी मी नदीकाठी उभी राहून पाण्याला शिव्या दिल्या असत्या. त्या वर्षी मी रेडिओवर लोणच्याची बरणी ठेवली आणि दसऱ्याची वाट पाहिली. दसऱ्याला चांद्याला गेले तेव्हा दुकानदाराने नवा संच पुढे केला. मी नुसती बॅटरी घेऊन परतले. तोच रेडिओ पुढे बदलीमागून बदली आमच्याबरोबर फिरला आणि कधीच जुना झाला नाही. आवाजात दोष असतो तेव्हा तो यंत्रात असतो, तारेत असतो, हवेत असतो. पण पुढचं काहीतरी हवं असण्याची खरखर वेगळ्याच ठिकाणी असते, आणि तिला फांद्या तोडून उपाय नाही.

आता या वयात मागे पाहिलं की बाकीच्यांना आपण केलेली कामं आठवतात. मला आठवतात ते मी सोडलेले आणि कुणी न पाळलेले हुकूम. तरुणपणी मी फार हुकूम दिले. घरात, दारात, पोरांना, सुनांना, कधी नशिबालासुद्धा. "अजून," "अजून एक," असं आतून ओरडत राहिले, आणि बाहेर कुणीतरी समजूतदार माणूस "आता कसं?" विचारत कुऱ्हाड भलत्याच ठिकाणी मारत राहिला असेल. त्यातली एकच गोष्ट मला उघड कळली, कारण मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. बाकीच्या वेळी मी आतच बसून टाळी वाजवली असणार. ती झाडं कोणती होती, कुणाची होती, मला ठाऊक नाही. पण कुठे ना कुठे ती उभी असतील, आणि चैत्रात पहाटे त्यांच्याखाली कुणीतरी वाकून वेचत असेल.