डावखुरी फुलं

काल रविवारी दुकानात अठराशे रुपयांच्या पडद्यांसमोर आम्ही तिघं उभे होतो: मी, बायको आणि मुलगी मुग्धा. पडद्यांवरची फुलं मुग्धाने रंगवलेली. तिचं पहिलंच छापून आलेलं डिझाइन. बाबा काय म्हणतात, इकडे तिचे कान होते.

मी चष्मा पुसून पाहिलं. पाकळ्यांच्या टोकांना कुंचल्याचे कोरडे ओरखडे, मधूनमधून पांढरं कापड उघडं.

"इथे रंग पुरला नाही वाटतं," मी म्हणालो.

"बाबा! मुद्दाम ठेवलंय ते," मुग्धाचा चेहरा उतरला.

"त्यांना सगळं काठोकाठ लागतं," बायको म्हणाली. "ताकाचा पेलासुद्धा."

मग मला दिसलं, सगळे ओरखडे डावीकडे झुकलेत. मुग्धा डावखुरी, तिची रांगोळीची रेघही अशीच झुकते. यंत्राने तेच फूल कापडभर छापलं, तरी तिचा हात पुसला गेला नव्हता. पाकळी काठोकाठ भरली असती, तर तो मला दिसलाच नसता. रंग संपत आला तिथेच तो ओळखू येत होता.

"रंगाचं म्हणताय तर काका, शंभर कमी करतो," दुकानदार म्हणाला.

"एक रुपयाही नको," मी म्हणालो, आणि पूर्ण अठराशे त्याच्या हातावर ठेवले.