मार्कशीटचं एक टोक

मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी अमरावतीच्या सेतू केंद्रात बसलो होतो. शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला आणि अकोल्याच्या माझ्या कॉलेजातली खिडकी आठवली.

माझ्या शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस होता. ती मिळाली नसती, तर माझं शिक्षण तिथंच थांबलं असतं. झेरॉक्सशी ताडून पाहायला कारकुनांनी मूळ मार्कशीट मागितली. वडिलांनी ती गजांतून आत सरकवली, पण एक टोक बोटांत घट्ट धरून ठेवलं.

"सोडा ना काका, खाऊन टाकतो का मी?"

"तसे दिसत नाई तुमी. पन माह्या भावाची टीसी ज्यानं हरवली, तोई तुमच्यासारखाच भोळा दिसे."

मागची रांग हसली. कारकुनांनी मान वाकडी करून तशीच मार्कशीट वाचली आणि झेरॉक्सवर शिक्का मारला. मी लाजेनं फरशीकडे पाहत होतो.

"काका, ओटीपी सांगा," सेतूतला मुलगा म्हणाला.

"अगोदर स्क्रीन इकडं फिरव."

मी एकेक रकाना वाचला, मगच आकडे सांगितले. शेजारी मुलगी फरशीकडे पाहत होती.