मुक्या दिवसाची घंटा

वणवा डोंगरावरून उतरून बोर्डिंगच्या फाटकाला भिडला होता, गोठा पेटला होता आणि सिस्टर रोजा अंगणात लाकडी फळी बडवत होत्या. मागच्या भिंतीला चिकटून बावीस मुली. त्यांत माझी लेक सुमन. बाहेर पडायला फाटकाचीच वाट, आणि तिथलंच गवत जळत होतं. गावातले सगळे नदीपलीकडे, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला गेलेले. मोबाईलला रेंज नाही. फळीचा आवाज विहिरीपर्यंतही जात नव्हता.

"सिस्टर, घंटा वाजवा की!" मी ओरडले.

त्यांनी हात खाली सोडले आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

आठ वर्षं मी त्या बोर्डिंगात भाकऱ्या थापल्या होत्या. ही बाई उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. जेवायच्या त्या ताट हातात घेऊन, खोल्या तपासत. "बसा की घटकाभर," म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की गंज चढतो, पारूबाई." एसटीची वाट बघणं त्यांना जमायचं नाही. पुढच्या थांब्याकडे चालू लागायच्या आणि गाडी मधेच त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून जायची. हिर्डोशीच्या अंगाला वाड्यावाड्या फिरून त्यांनी शाळेसाठी मुली गोळा केल्या. एका बापानं विचारलं, "पोरीला तुमच्यात घेनार का?" त्या म्हणाल्या, "घेणार तर. पाचवीत." तो हसला आणि पोरगी पाठवली.

त्या वसईच्या. कामात शिस्तीच्या, धर्मात त्याहून. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांच्यात घंटा वाजवत नाहीत. येशूच्या मरणाचा शोक. प्रार्थनेला बोलवायचं तर लाकडी फळी वाजवायची. घंटेचा दोर दर वर्षी मीच फडक्यानं वर बांधायची. गावालाही त्यांनी बजावून ठेवलं होतं, "हे दोन दिवस घंटा मुकी. काहीही झालं तरी."

आणि त्या शुक्रवारी हे झालं.

"शुक्रवार आहे, पारूबाई," त्या म्हणाल्या.

"आमच्यात सुतकात बी पेटलेलं घर इझवत्यात!" मी म्हटलं. शिवीही दिली. कोणती ते लिहीत नाही.

मग धावल्या. बाकावर चढल्या, माझी गाठ दातांनी सोडली आणि दोराला लोंबकळल्या. थोड्या वेळानं नदीतून माणसं पळत आली. हिरव्या फांद्या आणि ओली पोती घेऊन त्यांनी वाट मोकळी केली. पुढं गावातला कोंडिबा होता. म्हणाला, "आज मुकी आसती, तरी वाजली, म्हनून तर पळालो. येरवी रोजची बाराची घंटा म्हनून राब भाजत बसलो आसतो."

दोर सोडला तेव्हा सिस्टरांचे तळहात सोलले होते. तशाच हातांनी त्या पुण्याला मोठ्या फादरांकडे गेल्या, नियम मोडला म्हणून सांगायला. परत आल्यावर मी विचारलं, "रागावले का?"

"रागावले. म्हणाले, घंटा वाजवली ते राहू दे. आधी इतका वेळ फळी का बडवलीत?"

माझ्याही मनात तेच होतं. पुढं दर गुड फ्रायडेला त्या स्वतः बोर्डिंगभोवतीचं गवत कापायच्या आणि दोर मोकळा ठेवायच्या. फडकं मला परत कधी मागितलं नाही. म्हातारपणी त्यांना वसईला नेलं. तिथंच गेल्या. शेवटी खाटेवर बसून होत्या म्हणे. ते मला खरं वाटत नाही.

परवा पुण्याहून एक तरुण फादर आले. धर्मप्रांताचा इतिहास लिहिताहेत. त्यांनी आमच्या बोर्डिंगचं पान वाचून दाखवलं. पायाचा दगड कोणी बसवला, कोणते बिशप कधी आले, सगळं होतं. सिस्टरांचं नाव एकदा. खाली ओळ होती, 'एकदा आग लागली, विशेष हानी नाही.'

"एवढंच?" मी म्हटलं.

"आजी, तुम्ही सांगा ना. काय लिहू?"

मी म्हटलं, लिहा. गाय दाव्याला जळून मेली, वासरू वाचलं. आत बावीस मुली होत्या. बावीसच्या बावीस जगल्या. सिस्टर जगल्या. मी जगले.