सायकलवाल्यांच्या एजंटांचा संघ

कुठल्याही संघटनेचं इतिवृत्त उघडा, त्यात 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य असतंच. ते लिहिणाऱ्याच्या पोटात काय काय साठत जातं, ते त्याचं त्यालाच ठाऊक! मी कराडात वकिली करते आणि सायकलपटूंच्या एजंटांच्या संघाची सचिव आहे. सायकलपटूंच्या नव्हे हं, त्यांच्या एजंटांच्या! खेळाडूचं हित एजंट बघतो. मग एजंटाचं हित कुणी बघायचं? मी. वहीत लिहिलेलं सगळं खरं आहे. वहीत न मावलेलं हे असं.

*

पहिली सभा सलीमभाईंच्या सायकल दुकानामागच्या खोलीत भरली. आमच्यात सायकल कळणारे एकटे सलीमभाईच. अध्यक्ष झाले कोरेगावचे सुभेदार. फौजेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून परेडवरच आहे. उपाध्यक्ष कडेगावचे प्रतापराव. घरचा ऊस, पांढरेशुभ्र कपडे आणि खिशात 'इंटरनॅशनल स्पोर्ट्स एजंट' छापलेली कार्डं.

नियम साधा होता. सभासद व्हायचं तर निदान एक खेळाडू हाताशी हवा. सुभेदारांनी हुकूम सोडला, "आपापल्या खेळाडूचं नाव चिठ्ठीवर लिवा!"

नऊ चिठ्ठ्या आल्या. पाचांवर एकच नाव, राजश्री. कडेगावजवळच्या वस्तीवरची पोरगी, नुकतीच राज्य स्पर्धा मारून आलेली. पाचही एजंट एकमेकांच्या अंगावर जायला लागले, तेव्हा सुभेदारांनी तिलाच फोन लावला. स्पीकरवर.

"पोरी, सगळ्यांम्होरं सांग. तुझा एजंट कोण?"

"एजंट? आवं, आमी गेल्या सालीच इमा काढलाय. आता नगो!" आणि फोन बंद.

मी वहीत लिहिलं, 'खेळाडूंशी थेट संवाद साधण्यात आला.'

पुढं ती प्रतापरावांकडे गेली. त्यात प्रतापरावांचं कर्तृत्व एवढंच, की त्यांच्या आणि तिच्या वडिलांच्या शेताला एकच बांध. वडील मला म्हणाले, "रोज बांधावर गाठ पडती. सही न्हाई केली तर त्वांड कसं दावायचं?"

*

एजंटाला लायसन्स हवं तर लेखी परीक्षा द्यावी लागते. आम्ही आधी सराव परीक्षा ठेवली. पेपर सलीमभाईंनी काढला. पहिलाच प्रश्न, 'पेलोटॉन म्हणजे काय?' एकमेकांच्या आडोशानं वारा चुकवत पळणारा सायकलस्वारांचा मोठा घोळका, म्हणजे पेलोटॉन. शर्यतीतला अगदी बाळबोध शब्द.

प्रतापरावांनी लिहिलं होतं, 'पेलोटॉन हे ताकदीचे टॉनिक आहे. सकाळ-संध्याकाळ दुधातून द्यावे.'

सलीमभाईंनी शून्य दिलं. प्रतापराव पेपर घेऊन तडक माझ्याकडे आले.

"वकीलबाई, अपील करा."

"कशाच्या जोरावर?"

"दुधाचे तरी मार्क द्या की! दूध काय चूक हाय व्हय?"

*

मोठ्या शर्यती खेळणाऱ्याला आपण रोज कुठल्या तासाला कुठं सापडू, हे आधी कळवून ठेवावं लागतं. उत्तेजकांची तपासणी करणारे न सांगता येतात, लघवीचा नमुना घेतात आणि जातात. त्या तासात सापडला नाहीत तर नावापुढे फुली. वर्षात तीन फुल्या झाल्या की बंदी.

राजश्रीचा तो फॉर्म प्रतापरावांनी भरला. वेळ सकाळी सहा ते सात. पत्ता मात्र स्वतःच्या बंगल्याचा! का? "वस्तीवर फोर व्हीलर जात न्हाई. पाव्हण्यांची गैरसोय नगो."

पाहुणे आले. सहाला बेल वाजली. प्रतापरावांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, पोहे मागवले, गळ्यातल्या हारांचे जुने फोटो दाखवले. पावणेसातला त्यातला एक जण घड्याळ बघत म्हणाला, "खेळाडू कुठे आहे?"

"मी हाय की!"

"नमुना खेळाडूचाच लागतो."

"आवं, फॉर्मवर माझी सही चालली, करारावर चालली. मग ह्येच तेवढं का चालंना? मी अधिकृत प्रतिनिधी हाय! बाटली द्या हिकडं!"

प्रतापराव बाटलीसाठी भांडत बसले आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मागच्या दारी जाऊन वस्तीवर फोन केला. राजश्री उसातून पळत आली. पाचटानं हात कापलेले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. बंगल्याच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा सातला चार मिनिटं कमी होती. एक फुली वाचली.

दुसऱ्या दिवशी संघाचं निषेधपत्र गेलं. विषय, 'प्रतिनिधीच्या अधिकारांचा संकोच'. शब्द माझे.

*

हा किस्सा सांगताना मला हसू येत नाही, तरी सांगते.

सांगलीच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर चौघीजणी एकदम घसरल्या. राजश्री सगळ्यांत खाली. आम्ही शेवटच्या रेषेजवळ उभे होतो. प्रतापरावांचा फोन वाजला, अँब्युलन्समधून. त्यांनी ऐकलं, चेहरा पडला आणि पहिला प्रश्न विचारला, "जर्सी फाटली का? कंपनीचं नाव दिसतंय न्हवं?"

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात सलीमभाई आणि मी रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर होतो. सकाळी ती शुद्धीवर आली. "परत बसता येईल न्हवं सायकलवर?" एवढंच विचारलं आणि आमच्याकडं बघायचं टाळून खिडकीकडं तोंड फिरवलं. सलीमभाई म्हणाले, "हाड जुळंपर्यंत सायकलचं मोडलेलं हँडल मी जुळवतो. तुझ्या आधी माझं झालं पाहिजे, बघ!" तेव्हा कुठं ती रडली.

त्याच आठवड्यात संघाची तातडीची सभा झाली. विषय, 'खेळाडू पडल्यास एजंटाला होणारा मनस्ताप'. सुभेदार उठून उभे राहिले. "फौजेत जखमी जवानाला लीव्ह मिळते. आमच्या प्रतापरावांना पंधरा दिवस कंप्लीट रेस्ट! ऑर्डर!" ठराव एकमतानं पास. सलीमभाई सभेला आलेच नव्हते. प्रतापराव सहकुटुंब महाबळेश्वरला विश्रांतीला गेले आणि तिथून रोज स्ट्रॉबेरीचे फोटो पाठवत राहिले.

नवव्या दिवशी मी सलीमभाईंच्या दुकानात गेले, तर स्टँडवर चढवलेल्या सायकलवर राजश्री! एक हात झोळीत, दुसरा हँडलवर, घामानं निथळत पायडल मारतेय. डॉक्टरांनी पाय चालवायची परवानगी दिली होती.

सलीमभाई पान्यावरची नजर न उचलता म्हणाले, "हाड हिचं मोडलं वकीलबाई, आणि रजेवर ते गेल्यात."

त्या ठरावाचा मसुदा माझा आहे. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मला तो आजही वाचवत नाही.

*

हाड जुळलं, वर्षभरात ती पुन्हा पहिल्यासारखी पळायला लागली आणि एका परदेशी व्यावसायिक संघाची चौकशी आली. माझ्या ऑफिसात व्हिडिओ कॉल ठेवला. प्रतापराव सूट घालून कॅमेऱ्यासमोर, राजश्री बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. "बोलायचं मी, पळायचं तू," असं त्यांनी तिला आधीच बजावलं होतं.

पलीकडच्या मॅनेजरनं विचारलं, आडव्या वाऱ्यात, म्हणजे क्रॉसविंडमध्ये, तिची अवस्था कशी असते? प्रतापरावांना त्यातला 'विंड' तेवढा कळला. ते क्षणभर लाजले. मग सरसावून म्हणाले, "नो विंड, सर! नो गॅस! ओन्ली भाकरी! डायजेशन फर्स्ट क्लास!"

मॅनेजर स्क्रीनच्या जवळ आला. नीट ऐकू येत नाहीय, असं त्याला वाटलं असावं.

राजश्रीनं खुर्ची ओढली आणि प्रतापरावांना खांद्यानं बाजूला सारलं. तुटक पण सरळ इंग्रजीत तिनं सांगितलं, साताऱ्याच्या वर पवनचक्क्यांचं पठार आहे, मी आठवड्यातून तीनदा तिथं सराव करते, तिथं उभं राहायचं तरी वाकावं लागतं. मॅनेजर हसला. पुढची वीस मिनिटं तो तिच्याशीच बोलला.

करार आला. खाली एक ओळ होती. खेळाडू स्वतः सही करू शकतो, एजंट सक्तीचा नाही. तिनं माझ्याच टेबलावर सही केली.

*

त्या एका ओळीनं संघ पेटला. आज ही गेली, उद्या सगळेच गेले तर? मोर्चा काढायचं ठरलं. सुभेदार म्हणाले, "सायकलच्या धंद्यातली मानसं आपन. मोर्चा सायकलवरूनच!"

कराडात, संगमापासून कचेरीपर्यंत. सायकली सलीमभाईंच्या. त्यांनी शर्यतीची एकही दिली नाही, दळणाला न्यायच्या दिल्या. सुभेदार पहिल्या चौकात उतरले आणि "निरीक्षण करतो" म्हणून रिक्षात बसले. बाकीचे एकेक करून चहाच्या गाड्यावर थांबले. चढाला लागले ते एकटे प्रतापराव. तोंडाला फेस, सायकल नागमोडी, मागं ट्रकचा हॉर्न.

तेवढ्यात सराव आटपून येणारी राजश्री मागून आली. बघितलं, वेग कमी केला आणि काही न बोलता एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला. स्वतःची सायकल चालवत, चढभर ढकलत वर घेऊन निघाली. पाठीला आधार मिळाल्यावर प्रतापरावांना दम आला. त्यांनी मूठ वर केली आणि घोषणा सुरू केली, "एजंटाबिगर खेळाडू... म्होरं जानार न्हाई! एजंटाबिगर खेळाडू... म्होरं जानार न्हाई!"

अशी वरात कचेरीच्या दारात पोचली. तिथं एक पत्रकार माईक घेऊन उभा होता. त्यानं तो प्रतापरावांच्या तोंडाजवळ नेला. प्रतापरावांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आवाजच फुटेना.

राजश्रीनं माईक स्वतःकडं ओढून घेतला.

"काकांना दम लागलाय. त्यांच्या वतीनं मी बोलते. इचारा!"