बंद नाकाचा माणूस

तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या कारखान्यात दादा रंगकामाच्या विभागात कंत्राटी कामगार आहे. तिथल्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरने "कसं काय?" विचारलं की "बरं आहे" म्हणायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. बरं नाही म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्यापासून कामावर बोलावत नाहीत.

अड्यारच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांसमोरही तो तसाच बसला. वर्षभर त्याचं नाक चोंदलंय, कपाळ ठणकतंय. परवा त्याच्याशेजारी दूध करपून काळं झालं, तरी त्याला पत्ता नव्हता. म्हणून मीच त्याला ओढत आणलं होतं.

"त्रास किती? शून्य ते दहामध्ये सांगा," डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं.

"दोन."

"नऊ," मी म्हणाले.

"नाक माझंय. तुझ्या पत्रकात छाप नऊ," दादा मराठीत पुटपुटला. वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच, आणि आता मीही लिहिते.

डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं. आकडा त्याचाच हवा, म्हणाल्या. तीनपर्यंत असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्प्रे. सातच्या वर गेला तर स्कॅन, कदाचित ऑपरेशन. मग त्यांनी दुर्बीण आत घातली. पडद्यावर दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारख्या फिकट गाठी दिसल्या.

"वास येतो?"

"नाही. बरंच आहे ते," दादा हसला. "रंगात थिनर मिसळायच्या खोलीत बाकीच्यांचं डोकं गरगरतं. लाइन लीडर म्हणतो, बंद नाकाचा माणूस नशीबवान. मला कायम तिथेच ठेवलंय."

"वास येत नाही म्हणून थिनर आत जायचं थांबत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एक बाटली धरली. कॉफी पावडरचा वास माझ्यापर्यंत आला. दादा वाट बघत होता.

"उघडा ना झाकण," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. बाटली उघडीच होती.

"आठ," तो म्हणाला.

स्कॅन उद्याच करायचा ठरला. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसले, तर थेट इस्पितळ गाठायचं. तोवर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

ऑटोत बसल्यावर त्याने लाइन लीडरला फोन लावला. घरात लग्न आहे, काही दिवस येत नाही, म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

"ये निवांत," पलीकडून आवाज आला. "पण त्या खोलीत कुणाला बसवू? तुझ्याबरोबर कंपनीच्या बसने येणाऱ्यांत आणखी कुणाचं नाक बंद आहे का?"

मी दादाचा दंड घट्ट धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. थोडा विचार केला आणि एक नाव सांगितलं.